आई-बाबांना पहिल्यांदा विमानानं पाठवताय? मग एवढी तयारी आणि रीतभात आधी सांगा

कोल्हापुरातनं तिरुपतीला विमान सुरू झालं आणि साठी-सत्तरीतली कितीतरी मंडळी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. पोरं तिकीट काढून देतात पण पुढचं कोण सांगत नाही, आणि मग उजळाईवाडीच्या विमानतळावर तपासणीच्या ट्रेसमोर आई गडबडून जाते. माझं स्पष्ट मत आहे, विमानातली निम्मी रीतभात घरी बॅग भरतानाच पाळायची असते, कारण तिथं एकाची बॅग उघडली की मागची अख्खी रांग थांबते.

तिकीट काढतानाच नाव आधारवर आहे तस्संच टाका, आणि गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर तेव्हाच सांगून ठेवा, त्यात लाजायचं काही नाही.

आता बॅग. साधारणपणे हातातली ७ किलो आणि चेक-इनची, म्हणजे काउंटरवर जमा करायची, १५ किलो, तरी तिकिटावर बघून घ्या आणि घरीच वजन करा. काउंटरवर बॅग उघडून साड्या इकडच्या तिकडं करत बसायला नको. आपल्याकडची खरी अडचण खाण्याच्या वस्तूंची. सुकं खोबरं, मग त्या वाट्या असोत नाहीतर ओटीतला सुका नारळ, कुठल्याच बॅगेत घालू नका, खोबऱ्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणून बंदी आहे. प्रसादाचा नारळ तिथं काढून ठेवावा लागला की म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला लागतं, त्यामुळं हे आधीच समजावून सांगा. कांदा-लसूण चटणी, लोणचं, काकवी हे सगळं चेक-इनच्या बॅगेत, आणि दोन-दोन पिशव्यांत घट्ट बांधून, नाहीतर तेल सुटून शेजारच्याच्या बॅगेला पण वास लागतो. अडकित्ता, सुरी, कात्री पण तिकडंच. लायटर आणि काडेपेटी घरीच ठेवा. पॉवर बँकेचं मात्र उलटं, ती हातातल्याच बॅगेत पाहिजे. रोजच्या गोळ्या, चष्मा, आधार कार्ड पण जवळच.

विमानतळ गावापासून दहाएक किलोमीटरच आहे म्हणून लोक निवांत निघतात, पण काउंटर बहुतेक वेळा एक तास आधी बंद होतो, तेव्हा दोन तास आधी पोचा. तपासणीला मोबाईल, चिल्लर, बेल्ट रांगेत असतानाच काढून हातात ठेवा. पावसाळ्यात विमान लेट झालं तर काउंटरवरच्या पोरीवर ओरडू नका, हवामान तिच्या हातात नसतं. पण आपला हक्क माहीत असू दे, अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर खायला-प्यायला द्यायचं असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे, तो शांतपणे मागा.

आपल्याकडं बऱ्याचदा पंख्याचं छोटं एटीआर विमान असतं, त्यात मागच्या दारानं चढायचं. सीट पुढं असली तर सगळ्यांच्या मधनं चालत जावं लागतं, म्हणून पिशवी खांद्याला न लटकवता पुढं हातात धरा, नाहीतर कडेला बसलेल्यांच्या तोंडाला लागत जाते. वरचे कप्पे पण लहान असतात, तिथं सगळ्यांचं सामान बसायला पाहिजे.

एक गोष्ट घरीच समजावून सांगा, सीट बेल्टची. कारमध्ये बटण दाबलं की बेल्ट सुटतो, विमानात बकलावरची पट्टी वर उचलायची असते, आणि हे माहीत नसल्यानं उतरताना माणूस ओढत बसतो, घाबरतो. खिडकीचा पडदा उडताना-उतरताना उघडा ठेवायला सांगतात ते बाहेर काही गडबड झाली तर लगेच दिसावी म्हणून. तेव्हा कानात दडे बसतात, आवंढा गिळायचा नाहीतर जांभई द्यायची, आणि बाळ बरोबर असेल तर त्याला पाजायला घ्यायचं. मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून द्यायचा आणि पॉवर बँक लावून चार्जिंग करायचं नाही.

काही पाहिजे असेल तर वरचं बटण दाबा, एअर होस्टेसला हात लावून किंवा चुटकी वाजवून बोलवू नका, "ताई, जरा पाणी द्याल का" एवढं पुरतं. सीट मागं करायच्या आधी मागच्याला विचारा, त्याच्या हातात चहा असेल. व्हिडिओ बघायचा तर कानात हेडफोन घालूनच.

चाकं टेकली की लगेच उठू नका. विमान अजून चालतच असतं, तेवढ्यात कप्पा उघडला तर बॅग कुणाच्या तरी डोक्यात पडायची. बेल्टचा दिवा विझू दे, पुढच्या ओळी उतरू देत, मग उठा. सामानाच्या पट्ट्यापासून दोन पावलं मागं थांबा आणि बॅग उचलल्यावर टॅगवरचा नंबर आपल्याकडच्या चिठ्ठीशी जुळवून बघा, एकसारख्या काळ्या बॅगा ढिगानं असतात. मोठ्या बॅगेच्या हँडलला घरनंच एक लाल रिबीन बांधून द्या, लांबनं ओळखू येते.