टीपी५३ चा आलेख काढण्याआधी ईआर बघा

ब्रेस्ट कॅन्सरमधल्या म्युटेशनवर (जीनमधल्या बिघाडावर) थीसिस करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मास्टर्सच्या प्रोजेक्टला मी हाच विषय घेतला होता, कुठलं म्युटेशन असलं की पेशंटचं पुढे काय होतं. सीबायोपोर्टल या कॅन्सर डेटाच्या साइटवरून मेटाब्रिक या मोठ्या ब्रेस्ट कॅन्सर अभ्यासाचा डेटा उतरवला, टीपी५३ (ट्यूमर रोखणारा जीन) बिघडलेला आणि न बिघडलेला असे दोन गट केले, कापलान-मायर, म्हणजे किती पेशंट किती काळ जगल्या याचा आलेख काढला, आणि दोन रेषा इतक्या लांब गेल्या की त्या रात्री मला झोप नाही आली. सहा महिने तेच घेऊन फिरले, पोस्टरसुद्धा केलं. मग एका मॅडमनी एवढंच विचारलं, "ईआर वेगळा करून बघितलास का गं?" नव्हता बघितला. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, ट्यूमर त्या हार्मोनवर वाढतो का हे त्यावरून कळतं.

हे नीट समजून घ्या. टीसीजीए या अमेरिकन कॅन्सर जीनोम प्रकल्पाच्या २०१२ च्या पेपरात बेसल-लाइक या सबटाइपच्या ट्यूमरपैकी जवळपास ८० टक्क्यांत टीपी५३ बिघडलेला आहे, ल्युमिनल ए या बहुतेक ईआर पॉझिटिव्ह सबटाइपमध्ये फक्त १२ टक्क्यांत. बेसल-लाइक म्हणजे बहुतेक ट्रिपल निगेटिव्ह (ईआर आणि आणखी दोन रिसेप्टर नसलेले), हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, पहिल्या काही वर्षांत परत उलटायची भीती जास्त. म्हणजे माझ्या म्युटेशनवाल्या गटात मुळातच असल्या ट्यूमरची गर्दी होती, आणि मी जीनच्या नावाखाली सबटाइपच मोजत बसले होते. ईआर पॉझिटिव्ह वेगळे काढले तेव्हा फरक राहिला पण कमी झाला, निगेटिव्हमध्ये तर दोन्ही रेषा एकमेकींत गुंतल्या.

एका क्लिकवर आलेख देणाऱ्या साइट्सवर थीसिस उभारू नका, प्लीज. आणि गाइड निवडताना नाव बघू नका, तुमचा कोड उघडून वाचणारा सीनियर मिळाला तर त्याला सोडू नका.

घाबरू पण नका, ही चूक खूप जणांकडून होते आणि दोन आठवड्यांत दुरुस्त होते, माझी झाली. मला तर सुरुवातीला टीसीजीएमधलं 'बीआरसीए' म्हणजे बीआरसीए१ हा ब्रेस्ट कॅन्सरचा धोका ठरवणारा जीनच वाटायचा, ते त्यांनी ब्रेस्ट कॅन्सरला दिलेलं नाव आहे. आणि जन्मजात बीआरसीए म्युटेशन म्हणजे निकाल वाईटच असंही नाही, ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या चाळिशीपर्यंतच्या २७३३ बायकांवरच्या पॉश या ब्रिटिश स्टडीत (२०१८) एकूण जगण्यात फरक दिसला नाही.

अजून एक, सर्वायव्हलसाठी मेटाब्रिकच घ्या. टीसीजीएचा फॉलोअप तोकडा आहे, आणि ईआर पॉझिटिव्ह कॅन्सर दहा वर्षांनीही परत येतो. मेटाब्रिकमध्ये कॅन्सरने गेलेल्या आणि दुसऱ्या कारणाने गेलेल्या पेशंट वेगळ्या दिल्यात, तो कॉलम पहिल्याच दिवशी उघडा.