टॉर्कफ्लाइट ७२७: कार्ब्युरेटर बदलल्यावर किकडाउन लिंकेज कसं जुळवायचं

टॉर्कफ्लाइट ७२७ हा क्रायस्लरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तो असलेल्या जुन्या डॉज-प्लिमथमध्ये एडेलब्रॉक कंपनीचा चार बॅरलचा कार्ब्युरेटर बसवल्यावर किकडाउनचा रॉड, म्हणजे कार्ब्युरेटरचा थ्रॉटल गिअरबॉक्सला जोडणारा रॉड, सुटा ठेवून गाडी अजिबात चालवू नका. नाव किकडाउन (अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावर खालचा गिअर पडणं) असलं तरी हा रॉड गिअरबॉक्समधलं ऑइल प्रेशरही ठरवतो. प्रेशर कमी पडलं की क्लच घसरतात आणि जळतात.

आधी क्रायस्लरसाठीचा थ्रॉटल लिव्हर अ‍ॅडाप्टर लावा, नाहीतर रॉड जिला अडकतो ती पिन जागेवर येत नाही. इंजिन गरम करून बंद करा. चोक पूर्ण उघडा, थ्रॉटल फास्ट आयडलच्या (थंड इंजिन जरा वेगात चालू ठेवणाऱ्या) कॅमवरून उतरलेला हवा. गिअरबॉक्सवरचा, हा रॉड जोडलेला लिव्हर पुढच्या स्टॉपला दाबून धरा आणि रॉडची लांबी अशी जुळवा, की रॉडच्या कार्ब्युरेटरकडच्या टोकावरच्या खाचेची मागची कड पिनला जेमतेम टेकेल. मग कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा. लिव्हर मागच्या टोकाजवळ पोचायला हवा, पण थ्रॉटल पूर्ण उघडण्याआधीच रॉड अडत असेल तर जुळणी चुकली.

लिंकेज जागेवर परत आणणारी रिटर्न स्प्रिंग हवीच.

रस्त्यावर गिअर लवकर आणि ढिले पडले तर प्रेशर कमी. उशिरा, झटक्याने पडले तर जास्त. दुरुस्ती थोडी-थोडीच करा, प्रत्येक वेळी चालवून बघा.