डुकराच्या रक्ताचा रिपोर्ट पाहून नर निवडताय? या चुका टाळा

एखाद्या नराची पिल्लं अशक्त निघाली की आपल्याकडे लगेच म्हणतात, ‘त्याच्या रक्तातच आहे.’ हल्ली या बोलण्याला लॅबच्या रिपोर्टाचा आधार मिळतो आणि चांगला नर विकून टाकला जातो. मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडचे वराहपालक असे रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. नीट चौकशी केली की बहुतेक वेळा दोष वंशात नसतो. तो नमुन्यात असतो, नाहीतर शेडमध्ये.

सगळ्यात महाग पडते ती नमुन्याची चूक. मे महिन्यात सोलापुरात पारा 42 च्या आसपास असतो. त्यात भरदुपारी जनावर फास टाकून धरलं आणि ते ओरडत झटापट करू लागलं, की ग्लुकोज, लॅक्टेट (स्नायू जोरात वापरले की रक्तात वाढणारा पदार्थ), सीके (स्नायूंमधलं एन्झाइम) हे सगळे आकडे चढतात. डुकराच्या तांबड्या पेशीही लवकर फुटतात. सुई बारीक घेतली, सिरिंज जोरात ओढली किंवा ट्यूब हलवली की पेशींच्या आतलं पोटॅशियम आणि एलडीएच, एएसटी ही एन्झाइम बाहेर येऊन खोटीच वाढलेली दिसतात. मी स्वतः एकदा ट्यूबा गाडीच्या डिकीत टाकून उन्हातून शहरात आणल्या होत्या. सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणारं पिवळसर पाणी, लालसर निघालं आणि दिवसभराची मेहनत वाया गेली. तेव्हापासून नमुना सकाळी, उपाशीपोटीच घेतो, कारण खाद्य खाल्ल्यावर रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, वाढते. रक्त गोठलं की तासाभरात सीरम वेगळं करून मगच थंडीत ठेवतो. ग्लुकोज मोजायचं असेल तर राखाडी टोपणाची फ्लोराइड ट्यूब हवीच. साध्या ट्यूबमध्ये पेशी साखर खात राहतात आणि आकडा खाली येतो.

रिपोर्टावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा माणसाची आहे का, हेही बघा. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 1.9 आलं की माणसाच्या हिशेबाने किडनी बिघडलेली वाटते, पण डुकरात डेसिलिटरमागे साधारण 1.0 ते 2.7 मिलिग्रॅम चालतं. वाढत्या पिल्लांचं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम जास्तच असतं, कारण हाडं वाढत असतात.

तीन आठवड्यांच्या पिल्लांचं हिमोग्लोबिन कमी आलं तर आधी लोहाचं इंजेक्शन दिलं होतं का ते विचारा. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात सुमारे 50 मिलिग्रॅम लोह असतं. रोजची गरज 7 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि आईच्या दुधातून मिळतं जेमतेम 1. सिमेंटच्या फरशीवर मातीही तोंडात जात नाही. तिसऱ्या दिवशी 200 मिलिग्रॅम आयर्न डेक्स्ट्रान, म्हणजे लोहाचं इंजेक्शन, दिलं नसेल तर बापाला दोष देऊ नका.

आता खऱ्या अनुवंशाकडे. एकाच वेतातल्या पिल्लांचे आकडे जुळले म्हणून गुण बापाचाच, असं मानू नका. ती एकाच आईचं दूध पितात, एकाच खणात वाढतात. हवापाण्यामुळेही आकडे जुळतात. बापाचा वाटा पाहायचा तर एका नराची वेगवेगळ्या माद्यांपासून झालेली पिल्लं घ्या आणि त्यांच्यासोबत दुसऱ्या नराची, त्याच वयाची, त्याच शेडमधली पिल्लं. सगळ्यांचं रक्त एकाच सकाळी काढा आणि एकाच लॅबला द्या. एवढं केल्याशिवाय मी कुणाला नर बदलायला सांगत नाही. गुणागुणांतही फरक आहे. कोलेस्टेरॉलवर वंशाचा हात बराच दिसतो, ग्लुकोजवर मात्र त्या दिवसाचा ताण आणि खाणंच जास्त बोलतं. शिवाय असे बहुतेक गुण अनेक जनुकांच्या थोड्याथोड्या परिणामाने ठरतात.

एका जनुकाची गोष्ट मात्र वेगळी आहे: आरवायआर1, म्हणजे जुन्या भाषेत हॅलोथेन जनुक. सहाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकातल्या एका बदलाने प्रथिनात 615 व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन येतं. हे 1991 मध्ये कळलं. पिट्रेन या बेल्जियमच्या डुकरांच्या जातीत हा दोष पूर्वी फार होता. आई आणि बाप दोघांकडून तो आलेलं जनावर उन्हात, गाडीत चढवताना, भांडणात ताठरू शकतं, ताप चढून मरूही शकतं. त्याचं सीके वाढलेलं असतं, म्हणून एकेकाळी सीके पाहूनच संशय घेत. पण ज्याच्याकडे दोषाची एकच प्रत आहे, त्याचा आकडा बहुधा साधाच येतो आणि तोच नर दोष गुपचूप पुढे नेतो. आपल्या उन्हाळ्यात बाहेरून पिट्रेनच्या रक्ताचा नर आणणार असाल तर सीकेवर विसंबू नका, डीएनए तपासणीच करा. त्यासाठी मुळांसकट उपटलेले थोडे केस पुरतात. जनावर उपाशी ठेवायला नको आणि बर्फही लागत नाही.