भाताला जिवाणू कुठवर राखतात, आणि कुठून पुढे फक्त सुकवणीच

शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या खाचरांत हळवं भात सप्टेंबरअखेरीस कापणीला येतं. मुंबई-ठाण्यातून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर आहे. म्हणजे कापणी आणि परतीचा पाऊस एकमेकांवर आदळणार, हे धरूनच चालायचं. कापलेलं भात दोन दिवस पाण्यात पडलं की पेंढीच्या आत उष्णता धरते आणि दाण्यावर बुरशी चढते. काळा पडलेला दाणा निदान दिसतो. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी दाण्यात जे अफ्लाटॉक्सिन सोडते ते मात्र दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही आणि घरच्या शिजवण्याने ते बहुतांश तसंच राहतं. ते यकृतावर घाव घालतं. 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली, ती याच विषाने.

मका आणि भुईमूग यांच्या मानाने भाताला हा धोका कमी, पण भिजलेल्या भाताला ती सवलत नाही.

बुरशीशी झुंजायला दोन जिवाणू आपल्याकडे पावडरच्या रूपात सहज मिळतात: स्युडोमोनास फ्लुरोसन्स आणि बॅसिलस सबटिलिस. दोन्ही मुळांवर वस्ती करतात, बुरशीच्या आधी जागा आणि अन्न पटकावतात. बॅसिलस इटुरिन, फेंजायसिन यांसारखी द्रव्यं सोडतो, त्यांनी बुरशीच्या पेशीचं आवरण फुटतं. स्युडोमोनास मातीतलं लोह आपल्याकडे ओढून घेतो आणि रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. भातात त्याची शिफारस करपा आणि पर्णकोष करपा या रोगांसाठी होते. रोप निरोगी राहिलं, दाणा पूर्ण भरला, टरफल चिरलं नाही, की विषारी बुरशीला आत शिरायला वाव कमी राहतो. भाताला जिवाणूंचा मोठा फायदा असा आडून मिळतो.

पण एक मर्यादा पक्की ध्यानात ठेवा. जिवाणूला वाढायला भरपूर ओल लागते, बुरशीला त्यापेक्षा बरीच कमी पुरते. दाण्यातली ओल साधारण 20 टक्क्यांच्या खाली उतरली की जिवाणू थंडावतात, बुरशी मात्र 15-16 टक्क्यांपर्यंत वाढत राहते. या मधल्या पट्ट्यात भात जितके तास रेंगाळेल तितकं विष वाढेल, आणि तिथे कोणतीही पावडर कामी येत नाही. तयार झालेलं विषही जिवाणू फवारून निघत नाही. म्हणून साठवलेल्या धान्याला जिवाणू पावडर चोळण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

खरेदी करताना पाकिटावर तीन गोष्टी पाहा: नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख, आणि एका ग्रॅममध्ये किमान 1 कोटी ते 10 कोटी जिवंत जिवाणू असल्याचा उल्लेख. स्युडोमोनास बीजाणू धरत नाही, त्यामुळे टाल्कमध्ये (शंखजिऱ्याच्या भुकटीत) मिसळलेली त्याची पावडर साधारण सहा महिन्यांतच मंदावते आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात त्याआधीच मरते. बॅसिलस बीजाणू करतो, तो उष्णता सोसतो. त्यामुळे ओल्या खाचरात बियाणं आणि मुळांना ताजा स्युडोमोनास, आणि उन्हात लोंबीवर फवारायला बॅसिलस, अशी वाटणी आम्हाला पटते. ठाणे-नवी मुंबईत राहून शनिवार-रविवारी गावची शेती पाहणाऱ्यांनी पाकीट गाडीच्या डिकीत ठेवून प्रवास करू नये. थर्मासच्या डब्यात किंवा ओल्या कापडात गुंडाळून न्यावं.

एका एकराला 20 किलो बियाणं धरू. आधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं टाका. वर तरंगणारी पळींज काढून टाका, बुडालेलं बियाणं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा. मीठ राहिलं तर जिवाणूही मरतील आणि मोडही रखडेल. आता 20 लिटर पाण्यात 200 ग्रॅम स्युडोमोनास पावडर ढवळून बियाणं रात्रभर भिजत ठेवा. सकाळी पाणी निथळून ते रोपवाटिकेच्या वाफ्यात ओता, वाया घालवू नका. ओलं बियाणं गोणपाटात बांधून 24 तास सावलीत ठेवा, मोड आले की पेरा. कोरडं बियाणं धुळीत पेरायचं असेल तर 200 ग्रॅम पावडर अर्ध्या लिटर पाण्यात कालवून बियाण्यावर चोळा आणि सावलीत अर्धा तास सुकवा.

यात सगळ्यात जास्त घोळ पाण्यामुळे होतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते पाणी उघड्या पिंपात एक रात्र ठेवून मगच वापरा, किंवा विहिरीचं, ओढ्याचं घ्या. दुसरी चूक रसायनांच्या वेळेची: कडा करप्यावर जिवाणूनाशक औषध किंवा कुठलंही ताम्रयुक्त बुरशीनाशक मारलं की जिवाणूही साफ. दोन्हींच्या मध्ये किमान आठ-दहा दिवस जाऊ द्या. ट्रायकोडर्मा (ही मित्रबुरशी) वापरत असाल तर तो याच पाण्यात कालवू नका, तो वेगळ्या वेळी शेणखतातून द्या. राब भाजत असाल तर भाजणी होऊन जमीन थंड झाल्यावर, पेरणीच्या दिवशीच जिवाणू द्या.

आवणीच्या दिवशी मुळं बुडवण्याचा उपाय स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा. खाचराच्या कोपऱ्यात 10 चौरस मीटर जागेला छोटा बांध घाला, त्यात बोटाच्या पेराएवढं, म्हणजे अडीच सेंटिमीटर पाणी उभं करा आणि 1 किलो पावडर विखरून ढवळा. रोपांच्या जुड्या मुळं खाली करून अर्धा तास त्यात उभ्या ठेवा, मग लावा. आवणीनंतर महिन्याने आणखी 1 किलो पावडर 20 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून फोका. शेणखत कच्चं असेल तर तेच बुरशीचं घर होतं.

फवारणी दोनदा पुरे: भात पोटरीत असताना एकदा आणि दाणे दुधाळ होताना एकदा. 5 ग्रॅम एका लिटरला, म्हणजे 16 लिटरच्या पंपाला 80 ग्रॅम. एकराला 200 लिटर पाणी, 1 किलो पावडर. टाल्क नोझलमध्ये अडकतो, म्हणून पावडर आधी बादलीत कालवून सुती फडक्यातून गाळा. भाताची फुलं सकाळी नऊ ते दुपारपर्यंत उघडतात, तेव्हा फवारू नका. चार वाजल्यानंतर, पाऊस उघडलेला असताना फवारा. काहीजण द्रावणात गूळ घालतात. मुळांशी चालेल, लोंबीवर नको, तिथे गूळ बुरशीलाही पोसतो. लोंबीवर ढेकण्या दिसल्या तर त्यांचा बंदोबस्त आधी करा. ढेकणी दुधाळ दाण्याला भोक पाडते आणि त्याच भोकातून बुरशी शिरते.

कापणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचरातलं पाणी सोडा. लोंबीतले 85-90 टक्के दाणे पिवळे झाले की कापा. पूर्ण वाळायची वाट पाहिली तर दाणा चिरतो आणि गळतोही. हवामान खात्याचा अंदाज बघून दोन कोरड्या दिवसांपुरतंच कापा. ओल्या पेंढ्यांचं उडवं रचू नका. नाचणीच्या ओल्या कणसांचाही ढीग नको, तीन दिवसांत आत गरम होतं. पाऊस अंगावर आला तर पेंढ्या बांधावर, कुंपणावर, पडवीत उभ्या टेकवा, पण जमिनीवर आडव्या टाकू नका. मळलेलं भात ताडपत्रीवर 3 ते 5 सेंटिमीटर थरात पसरा आणि तासातासाने परता. ओल 14 टक्क्यांखाली दोन दिवसांत आणायची. ढगाळ असेल तर पडवीत पंखा लावा, पण ढीग करू नका.

ओलमापक नसेल तर साधी चाचणी आहे. मीठ तव्यावर कोरडं भाजून थंड करा, आपल्या दमट हवेत डब्यातलं मीठ आधीच ओलं असतं. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा भात आणि दोन-तीन चमचे मीठ घाला, झाकण लावून एक मिनिट जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल 15 टक्क्यांहून जास्त, पुन्हा उन्हात घाला. मीठ मोकळं सुटलं तर भरायला हरकत नाही.

वाळलेलं भात उघड्या गोणीत ठेवलं तर जूनपासून ते हवेतली ओल पुन्हा पिऊन घेतं. मेअखेरीस हवाबंद पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या पिंपात हलवा. कणगी शेणाने सारवली असेल तर सारवण खडखडीत वाळल्यावरच भरा. गोणी फळ्यांवर वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर रचा.

उन्हाळी भुईमूग घेत असाल तर बियाण्याला 10 ग्रॅम किलोला आणि आऱ्या सुटताना शेणखतातून 1 किलो एकराला, दोन्ही वेळा बॅसिलस चालतो. पण शेवटचे तीन-चार आठवडे पाण्याचा ताण पडला, तर जिवाणू असूनही शेंगेत बुरशी शिरते. पाळी चुकवू नका. काढताना फुटलेल्या शेंगा वेगळ्या काढा.

वाशीच्या दाणाबंदरात किंवा थेट गिऱ्हाइकाला मोठा माल द्यायचा असेल तर तपासणी करून घ्या. कायद्याने तृणधान्यात एकूण अफ्लाटॉक्सिन किलोला 15 मायक्रोग्रॅमपर्यंतच चालतं. विष सगळ्या मालात सारखं नसतं, एका गोणीच्या कोपऱ्यातच साठलेलं असू शकतं. म्हणून मूठभर दाणे पाठवून उपयोग नाही. प्रत्येक गोणीतून वर-मध्ये-खालून थोडं-थोडं घेऊन 5 किलो जमवा, सगळं दळून एकजीव करा आणि त्यातून प्रयोगशाळेला लागेल तेवढं द्या. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळा ठाणे-बेलापूर पट्ट्यात आहेत.

बुरशी आलेलं भात किंवा पेंढा म्हशींपुढे टाकू नका. खाल्लेल्या विषाचा काही भाग दुधात उतरतो, आणि दुधाची कायदेशीर मर्यादा तर किलोला अवघी अर्धा मायक्रोग्रॅम आहे. कोंबड्यांनाही नको, त्या जास्तच नाजूक असतात. असा माल खाचरापासून आणि विहिरीपासून दूर खड्ड्यात पुरा. हाताळताना तोंडाला फडकं बांधा.