पूर उपग्रहातून तपासायचाय? आधी एवढी तयारी करा

'अख्खं गाव पाण्याखाली' असा मेसेज फिरायला लागला म्हणून लगेच कोपर्निकस ब्राउझर (युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं दाखवणारी वेबसाइट) उघडू नका. आधी कागदावर प्रश्न लिहा, आणि उपग्रह उत्तर देऊ शकेल असाच लिहा. ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर घ्या. शिरोळ तालुक्यात पाणी कुठवर पसरलं, हे चित्रावरून काढता येतं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून पाणी वेळेत सोडलं का, हे नाही. त्यासाठी विसर्गाचे आकडेच लागतात. यावर चॅनेलवर कितीही भांडणं झाली तरी.

मग गाव पक्कं करा. एकाच नावाची गावं पैशाला पासरी असतात, म्हणून गुगल अर्थवरून अक्षांश-रेखांश घ्या. जवळचा पूल, नदीचं वळण टिपून ठेवा.

सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र फोटोसारखं, देखणं, त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. पण ऐन पावसाळ्यात त्यात ढगच दिसणार. रडारवाला सेंटिनेल-१ घ्या. तो स्वतःच झोत सोडून परत आलेला झोत टिपतो, त्यामुळे त्याला ढग आणि रात्र आड येत नाहीत. तुलनेला मे महिन्याचं चित्र काढताना उपग्रहाची कक्षा आणि जाण्याची दिशा तीच ठेवा, नाहीतर कोनातल्या फरकालाच पूर समजाल.

आता खरी मेख. संथ पाणी रडारचा झोत उपग्रहाकडे न पाठवता पलीकडे फेकतं, म्हणून काळं दिसतं. पण शिरोळ म्हणजे उसाचा मुलूख. पुरुषभर उसात गुडघाभर पाणी असलं तरी झोत बराचसा पाल्यावरूनच परततो आणि फड काळा पडत नाही. गावठाणात तर पाणी आणि भिंत अशा दोन टप्प्यांनी झोत परततो, तिथं उलट उजळ दिसू शकतं. म्हणजे काळं दिसलं नाही म्हणून 'इथं पाणी नव्हतंच' असं लिहायचं नाही. उलट मे महिन्यातही काळी असलेली जागा पुरात धरायची नाही.

उपग्रह रोज येत नाही. तेव्हा चित्राच्या तारखेशेजारी कोल्हापुरात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा आणि सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल इथली त्या दिवशीची पाणीपातळी मांडा. राजारामला धोका पातळी ४३ फूट. चित्राची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा.

स्क्रीनशॉटवर भागवू नका, मूळ फाइल उतरवून ठेवा. त्यासाठीचं खातं फुकट आहे. फाइलचं नाव बदलू नका. उपग्रह, तारीख, वेळ आणि कक्षेचा क्रमांक त्या लांबलचक नावातच असतो.