पन्हाळा ते दाजीपूर ग्रॅव्हल सायकल : आम्ही केल्या त्या चुका तुम्ही टाळा

परवा एका नव्या पोराचा फोन आला, दादा ग्रॅव्हल बाईक (डांबरी आणि कच्च्या वाटा दोन्हींवर चालणारी जाड टायरची सायकल) घेतली, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर नेली आणि मनगटं, खांदे, कंबर सगळं गेलंय, सायकल चुकीची घेतली काय. म्हटलं हवा किती मारलीस? ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). टायर चाळीस मिमी रुंदीचा, पोराचं वजन ७०, आणि खाली जांभा दगड. मग काय होणार भावा, टायर नुसता उडतोय. सायकलला काहीच झालेलं नव्हतं.

आपल्याकडं गडबड अशी आहे की रस्ता महिन्याला रूप बदलतो आणि आपण दुकानातून सायकल आणली त्या दिवशीच्या सेटिंगवर वर्षभर फिरतो. जुलैत ज्या पाणंदीत गुडघाभर चिखल असतो तीच पाणंद जानेवारीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी दगडासारखी वाळलेली असते आणि एप्रिलमध्ये तिथंच वीतभर लाल फुफाटा. त्यामुळं खालच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर एकच, निघायच्या आधी कुठला महिना चाललाय ते बघा.

हवेचंच आधी घेऊ. ७०-७५ किलोचा माणूस, ४० मिमी टायर, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) असेल तर मुरूम-जांभ्यावर ३० ते ३५ पीएसआय पुरते, मागं दोनतीन जास्त. ट्यूब असेल तर पाचेक वाढवा नायतर कडेला दगड लागला की ट्यूब रिमवर चिरडते आणि साप डसल्यासारखी शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. अशी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढंच. एकच बारीक भोक असेल तर मात्र काटा, आणि तो शक्यतो अजून टायरमध्येच असतो. आतून बोट फिरवून बघायचा कंटाळा केला की पुढच्या दोन किलोमीटरला परत पंक्चर, हे मी स्वतः एकाच दिवशी तीनदा केलंय, बाभळीचा काटा तोच होता!

ट्यूबलेसवाले जरा जास्तच निवांत असतात. आतलं सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) आपल्या उन्हाळ्यात दोनतीन महिन्यांत वाळून त्याचं रबर होतं, बाहेरनं काय कळत नाही, पंक्चर झालं की मग कळतं. चाक कानाजवळ हलवून बघा, आत खळखळ ऐकू आली पाहिजे. काटा दिसला की लगेच उपटू नका, भोक खाली येईल असं चाक फिरवा, सीलंटला मिनिटभर द्या, मोठं असेल तर प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी). आणि हो, बारीक प्रेस्टा वॉल्व्हला गावातल्या पंक्चरवाल्याची नळी बसत नाही. तो बिचारा मदत करायला तयार असतोय, पण काय करणार. पितळेचा छोटा ॲडॉप्टर येतो, चहाच्या पैशात मिळतो, वॉल्व्हवरच लावून ठेवा.

पावसाळ्यातली सगळ्यात महाग चूक म्हणजे जांभ्यावर विश्वास ठेवणं. सुक्यात जांभा टायरला धरून ठेवतो, इतकी पकड दुसऱ्या कुठल्या दगडाला नाही. पण दोनचार आठवडे पाऊस झाला की त्यावर काळपट शेवाळ येतं, लांबून ते ओल्या दगडासारखंच दिसतं, आणि तिथं पुढचा ब्रेक दाबला की माणूस आधी आणि सायकल नंतर. सड्यावर (उघड्या कातळावर) ओलं दिसलं की हँडल सरळ, ब्रेक सोडलेला, पेडल हळू, आणि वळण घ्यायचं असेल तर उतरून चालत, लाजायचं नाही. मसाईवर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलं असतात तेव्हा वाट चुकवून बाजूच्या गवतातनं चाक घालू नका, ते आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि तसंही त्या पातळ मातीत एकदा चाकोरी पडली की जात नाही. १६६० च्या जुलैत महाराज पन्हाळ्यावरनं विशाळगडाकडं ह्याच पठारावरनं गेले, तेही रात्रीच्या पावसात, आणि आपल्याला भरदिवसा सायकल ढकलायला कमीपणा वाटतो.

ब्रेकची रड वेगळीच. लाल चिखल म्हणजे पॅडला पॉलिश पेपरच. रेझिनचे (मऊ) ब्रेक पॅड नवीन घालून पावसात गगनबावड्याकडच्या आतल्या वाटांनी दिवसभर फिरलात तर संध्याकाळी लिव्हर हँडलला टेकायला लागलं तरी नवल नाही. केबलनं चालणारा डिस्क ब्रेक असेल तर जागेवरच ॲडजस्टर दोनतीन क्लिक फिरवा, पॅड जवळ येतात, घरी पोचता येतं. पावसाळाभर सिंटर्ड (धातूचे) पॅड घाला, आवाज करतील पण टिकतील. फक्त तुमच्या रोटरला (ब्रेकच्या चकतीला) ते चालतात का बघा, काही रोटरवर फक्त रेझिन असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि सुक्यातही ब्रेक किंचाळत असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा चेनवर मारलेला स्प्रे रोटरवर उडालेला असतो. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पॅड काचपेपरवर हलके घासा, तरी गेला नाही तर पॅड बदला. चेनचं पण तसंच, पावसाळ्यात घट्ट ओलं ल्युब ठीक, तेच फेब्रुवारीत ठेवलं की धूळ चिकटून काळी पेस्ट होते आणि चेन आणि कॅसेट (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्या) दोन्ही खाऊन टाकते.

आता माझी गोष्ट. ऊस तोडणीचा सीझन होता, म्हाळुंग्यावरनं खाली येताना शॉर्टकट म्हणून पाणंदीत शिरलो, वाळलेल्या चाकोरीत पुढचं चाक अडकलं, सायकल उजवीकडं आडवी, आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्राचा) हँगर मोडला. हँगर म्हणजे एवढासा ॲल्युमिनियमचा तुकडा, फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम कच्चा केलेला असतो, प्रत्येक फ्रेमचा वेगळा, आणि कोल्हापुरात आयत्या वेळी मिळत नाही. माझ्याकडं स्पेअर नव्हता, चेन टूल मात्र होतं. चेन तोडून लहान केली, मधल्या एका गिअरवर बसवली, डिरेलर बाजूला बांधला आणि सिंगल स्पीडवर घरी आलो. चढ आला की उतरून ढकलायची. त्या दिवसापासून हँगर, दोन चेन क्विक लिंक (चेन जोडायच्या कड्या) आणि चेन टूल सीटखालच्या पिशवीत कायम. चाकोरीत अडकलात तर हँडल मारून बाहेर पडायला बघू नका, चाकोरी संपेपर्यंत त्यातच सरळ राहा नायतर थांबा.

रूट ठरवताना कोल्हापूरकर हमखास फसतो ते गगनबावड्याला. कोल्हापूर ते गगनबावडा ५५ किमी, सकाळी मस्त पोचतो, पुढं घाट दिसतो, वाऱ्यावर स्वार होऊन खाली वैभववाडीला जातो, सोलकढी पितो, आणि मग दुपारी दोनला कोकणच्या उकाड्यात तोच घाट चढायचा असतो. तिथं क्रॅम्प येतात, पाणी संपतं, मग घरच्यांना फोन. खाली जायचंच असेल तर अकराच्या आत परत चढायला लागा, नाहीतर वरूनच दरी बघून मागं फिरा.

दाजीपूरला चूक झाली तर पायात गोळे येण्यावर भागत नाही. राधानगरीवरनं फोंड्याकडं जाणारा रस्ता अभयारण्यातूनच जातो, तो डांबरी आहे, त्यावर सायकल चालवा. पण मॅपवर आत बारीक पांढरी रेघ दिसते म्हणून ठक्याच्या वाड्याकडं किंवा सावराई सड्याकडं परस्पर वळू नका. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात आतला भाग बंद असतो, सायकलला सोडतात का ते आधी फोन करून विचारा. पहाटे आणि दिवस मावळताना तिथं गवा रस्त्यावर असतो. गाडीचा आवाज त्याला लांबनं कळतो, सायकलचा कळत नाही, वळणावर तुम्ही एकदम त्याच्या पुढ्यात. कानात इअरफोन नको, वळणाआधी तोंडानं आवाज करत जा. दिसलाच तर लांबच थांबा, घंटी नको, फोटो नको, पिल्लू असेल तर त्याच्या आणि कळपाच्या मधे तर अजिबात जाऊ नका, हळूहळू मागं सरका आणि कळप गेला की दहा मिनिटं थांबून निघा. धनगरवाड्यावरच्या कुत्र्यांचं उलट असतंय, पळालात की ती मागं लागतात, उतरून सायकल मधे धरा आणि चालत जा, बहुतेक वेळा आतनं कोणतरी हाक मारतंच.

मॅपवरचं अंतर बघून वेळ काढू नका. डांबरीवर ताशी वीसनं जाणारा माणूस मुरमावर बारा, चिखलात सात. रेंज जाते, म्हणून रूट ऑफलाइन डाऊनलोड करा आणि तरीही शेवटच्या गावात विचारा. धरणाच्या बॅकवॉटरकडं मॅपवरचा रस्ता सरळ पाण्यात शिरलेला मी बघितलाय, पलीकडं तोच रस्ता परत वर निघालेला, मधे नुसतं पाणी!

खाण्याचं एकच सांगतो, पन्हाळा चढायच्या आधी मिसळ नको, उतरल्यावर खा की. खिशात गूळ-शेंगदाणे, बाटलीत चिमूटभर मीठ.

आणि घरी आल्यावर चिखलाची सायकल बाईकच्या वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशर मारून घेऊ नका. पाणी थेट चाकाच्या हबच्या, हँडलखालच्या हेडसेटच्या बेअरिंगमध्ये शिरतं, चार दिवसांनी कटकट आवाज सुरू होतो आणि मग परत फोन येतो, दादा सायकल चुकीची घेतली काय. बादली, जुना ब्रश, आणि चिखल ओला असतानाच.