इंटरनेटवाला निवडण्याआधी जिना बघा

मी मुलुंड पूर्वेच्या एका चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. पाणी कधी येणार आणि नेट का गेलं, हे दोन प्रश्न लोक सेक्रेटरीलाच विचारतात. पहिल्याचं उत्तर निदान महापालिकेकडे असतं. इमारतीत वायर ओढायची तर आमच्याकडे कमिटीची परवानगी लागते, म्हणून प्रत्येक नेटवाला आधी माझ्या दारात येतो. कुणाची वायर कुठून येते, कुणाची पेटी कुठे बसवलीय आणि पावसाळ्यात कुणाचा माणूस फोन उचलत नाही, हे मला आता पाठ झालंय. त्या जोरावर सांगते, जाहिरातीतला स्पीड बघून नेट घेऊ नका. १०० एमबीपीएस सगळेच देतात. फरक पडतो तो रस्त्यावरून तुमच्या दारापर्यंतच्या शेवटच्या तुकड्यात, आणि तो तुकडा पायात चपला सरकवून स्वतः बघता येतो.

तर गच्चीची किल्ली घ्या आणि वर जा. जाताना जिन्यातल्या वायरी बघत जा.

मुंबईत वायरीचं नेट घरात मुख्यतः तीन वाटांनी येतं. एक वाट टीव्हीच्या केबलची: जाड काळी वायर, आत तांब्याची एकच तार, टोकाला फिरवून घट्ट करायचा कनेक्टर आणि घरात केबल मोडेम, म्हणजे त्या वायरीतून नेट काढणारा डबा. दुसऱ्या वाटेत फायबर (काचेची बारीक वायर) गच्चीपर्यंत किंवा मीटररूमपर्यंत येते, तिथल्या पेटीत स्विच (एक लाइन अनेक घरांत वाटणारं यंत्र) असतो आणि स्विचपासून प्रत्येक घरात लॅनची, म्हणजे कॉम्प्युटर जोडायची, तांब्याची वायर जाते. तिसरीत बारीक फायबर थेट घरात येते, टोकाला बहुधा हिरवा चौकोनी कनेक्टर असतो. विकणारा तिन्हींना ‘फायबर’च म्हणतो. दुसऱ्या प्रकारात तो खोटंही बोलत नसतो. फायबर आहेच, फक्त तुमच्या घरात नाही.

तिन्ही मिळत असतील तर डोळे मिटून तिसरी घ्या. कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत मधे प्रकाश अनेक घरांत वाटणारे जे स्प्लिटर असतात त्यांना वीज लागत नाही. घरात इन्व्हर्टर असला की इमारतीची वीज गेली तरी नेट चालू राहतं. दुसऱ्या प्रकारात पेटीतल्या स्विचला वीज लागते. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिडमध्ये बिघाड होऊन मुंबईची वीज गेली, तेव्हा लोक घरून काम करत होते. अशा वेळी तुमचा राउटर इन्व्हर्टरवर दिमाखात चमकत असला तरी गच्चीवरची पेटी मेलेली असेल तर उपयोग शून्य. म्हणून पेटीला बॅटरी आहे का, हे आधी विचारा. आणि पेटी कुणाच्या मीटरवर चालते हेही बघा. पुष्कळ ठिकाणी ती गुपचूप सोसायटीच्या जिन्याच्या लाइटवर जोडलेली असते. आम्ही त्याचे पैसे लावायला सुरुवात केल्यापासून एक कंपनी माझ्याशी जरा तुटकच बोलते.

लॅनच्या वायरीची आणखी एक गोम आहे. तांब्याची ही वायर १०० मीटरच्या आत असावी लागते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून लोंबकळत आणलेली वायर पुष्कळदा हे अंतर ओलांडते. शिवाय कुठे जवळपास वीज पडली की तिच्यातून झटका येऊन राउटरचं पोर्ट (वायर खोचायची जागा) जळतं. फायबर काचेची, तिच्यातून वीज वाहत नाही.

केबल मोडेमला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. जुन्या चाळीत किंवा जिथे दुसरं काही पोचलेलंच नाही तिथे तो बरा चालतो. पण त्यात आजूबाजूच्या घरांची लाइन सामायिक असते, अपलोड डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो आणि एका घरातल्या सैल जॉइंटचा गोंगाट शेजाऱ्यांनाही भोवतो. घरून व्हिडिओ मीटिंगा करणाऱ्याने अपलोड किती, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता गच्चीवर आलाच आहात तर वायरींची अवस्था बघा. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला सुतळीने बांधलेल्या, कठड्याच्या धारेवर घासणाऱ्या, काळ्या टेपने गुंडाळलेले उघडे जॉइंट असलेल्या वायरी कुणाच्या आहेत ते त्या पेटीवरच्या नावावरून कळतं. संक्रांतीला पोरं अडकलेला पतंग सोडवायला वायर ओढतात, गणपतीत मंडपाचे बांबू लागतात, जूनमध्ये पाणी शिरतं. डक्टमधून नीट पाइपात आणलेली वायर यातल्या बहुतेक गोष्टींतून वाचते. मग उंदीर उरतात, त्यांच्यावर कुणाकडेच उपाय नाही.

शेजाऱ्यांना विचारा, पण तुमच्याच विंगमधल्या. ठाण्यातल्या भाच्याचं नेट फर्मास चालतं याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही, कारण त्याची पेटी वेगळी आणि लाइनमनही वेगळा. प्रश्नही नेमका हवा. ‘नेट कसं आहे?’ विचारलं की ‘बरं आहे’ येतं. ‘रात्री दहाला सीरियल अडकते का, आणि शेवटचं बंद पडलं तेव्हा माणूस किती वेळाने आला?’ असं विचारा.

नेटवाल्याला विचारायचं ते असं. परवाना कुठल्या कंपनीचा? इंटरनेटचे परवाने ए, बी, सी अशा तीन वर्गांत असतात: देशभर, एका सर्कल (साधारण एक राज्य) किंवा महानगरापुरता, आणि त्याहून लहान भागापुरता. तुमच्या गल्लीतला केबलवाला बहुतेक वेळा अशा एखाद्या परवानाधारकाचा फ्रँचायझी असतो. त्यात गैर काही नाही, उलट गल्लीतला माणूस रात्री नऊलाही येतो. पण बिलावर त्या मूळ कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर हवा, नाहीतर उद्या तक्रार कुणाकडे करणार? जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच हिशेब करा. ‘अनलिमिटेड’लाही मर्यादा असते. काही मोठ्या कंपन्यांत ती महिन्याला ३३०० जीबी आहे, साध्या घराला ती लागत नाही, पण लहान कंपन्यांत ती बरीच कमी असू शकते. ती ओलांडल्यावर स्पीड किती उरतो तेही विचारा. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबीची फाइल नव्हे. स्पीड बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणून आठने भागा, साडेबारा येतात.

घरात किंवा दुकानात सीसीटीव्ही असेल आणि तो बाहेरून बघायचा असेल तर पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा नेटवरचा तुमचा स्वतंत्र पत्ता, मिळेल का, हे विचारा. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून उघडतं ते) वॅन आयपी, म्हणजे कंपनीने दिलेला पत्ता, १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला दिसत असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवलंय. जुन्या पद्धतीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) मग बाहेरून उघडत नाही. क्लाउडवर चालणारे कॅमेरे चालतात.

वर्षाचा प्लॅन स्वस्त पडतो, तरी पहिले एक-दोन महिने महिन्याचाच घ्या, आणि जमलं तर त्यात पावसाचा एखादा आठवडा येऊ द्या. ज्यांच्या इमारतीत रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू आहेत त्यांनी तर वर्षाचे पैसे भरूच नयेत. नव्या भाड्याच्या जागेत तीच कंपनी असेलच असं नाही, आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागताना घाम फुटतो.

नेट गेलं की

बंद करून चालू करा, हे सगळे सांगतात. करा, पण आधी लाइट बघून घ्या. रीस्टार्टच्या गडबडीत मूळचा लाइट काय होता तेच आठवत नाही. मोबाइलने फोटो काढून ठेवणं उत्तम.

पहिली शंका प्लॅन संपल्याची घ्यायची. हसू नका, माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही बऱ्याचदा असते. सगळे लाइट हिरवे, वायफाय जोडलेलं आणि नेट नाही, असं असेल तर आधी रिचार्जची तारीख बघा. लोकल कंपन्यांत युजरनेम-पासवर्ड टाकून कनेक्शन होतं. राउटरच्या पानावर ६९१ एरर दिसला तर लॉगिन नाकारलं गेलंय: पासवर्ड चुकलाय किंवा खातं बंद आहे. नवा राउटर घेतल्यावर नेट येत नसेल तर बहुधा कंपनीने तुमच्या खात्याला जुन्या राउटरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलेला असतो. फोन करून नवा नोंदवायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

फायबर ज्यात खोचलेली असते त्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल नसल्याचा) लाल लाइट असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. त्यात तुमचं रीस्टार्ट काही करू शकत नाही. फक्त एवढं बघा की कामवाल्या मावशींनी झाडू मारताना हिरवा कनेक्टर हलला नाही ना, किंवा सोफा सरकवताना वायर चेपली नाही ना. फायबरला तीन सेंटीमीटरपेक्षा घट्ट वळण देऊ नये. कनेक्टर काढलात तर त्याच्या टोकात डोळा घालून बघू नका. आतला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला घातक ठरू शकतो. टोकाला बोटही लावू नका, धुळीचा कणही सिग्नल पाडतो.

लाल लाइट नाही, पण नेट दिवसातून दहा वेळा तुटतं, हे खरं डोकेदुखीचं. इथे आकडा मागायचा. डब्याच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ (पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये मोजतात) असतो, किंवा लाइनमनच्या मीटरवर दिसतो. साधारण उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर बरं. उणे २७ च्या खाली गेलं की तुटणारच. ‘भाऊ, पॉवर किती येतेय?’ एवढं विचारलं की लाइनमन तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो आणि ‘राउटर बदला’ हे पालुपद बंद होतं.

केबल मोडेमवाल्यांनी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकून बघावं. बऱ्याच मोडेमचं पान तिथे उघडतं. डाउनस्ट्रीम पॉवर (मोडेमपर्यंत पोचणाऱ्या सिग्नलची ताकद) उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीमध्ये असावी. कमी असेल तर घरातले स्प्लिटर शोधा. दोन टीव्ही आणि मोडेम एकाच वायरीवर असतील तर प्रत्येक दोन-तोंडी स्प्लिटर साडेतीन डीबीच्या आसपास खातो, म्हणजे निम्म्याहून कमी सिग्नल पुढे जातो. मोडेम पहिल्या स्प्लिटरवरच घ्यायला सांगा. पाऊस पडला की बिघडतं आणि ऊन पडलं की सुधारतं, असं असेल तर जॉइंटमध्ये पाणी आहे. हे वाक्य तक्रारीत जसंच्या तसं लिहा.

नेट चालू आहे पण संथ आहे, तर वायफायला बाजूला काढा. लॅपटॉप वायरीने राउटरला जोडून स्पीड बघा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री दहाला. दोन्ही वेळा ठीक असेल तर कंपनी निर्दोष, गुन्हेगार घरात आहे. फक्त रात्री पडत असेल तर कंपनीने एका लाइनवर जास्त गिऱ्हाइकं चढवलीत. २०० चा प्लॅन घेऊन वायरीवर ९४ च्या पुढे जातच नसेल तर बहुतेक लॅनच्या वायरीतल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या लागल्यात, किंवा राउटरचं पोर्ट १०० चंच आहे.

घरातला गुन्हेगार बहुतेक वेळा राउटरची जागा असते. लाइनमनला दारातून आत यायचा कंटाळा, म्हणून तो चपलांच्या कपाटावर राउटर बसवतो, आणि मुलीचा अभ्यास चालतो दोन भिंती आणि एका लोखंडी कपाटापलीकडे. वायफायचे दोन पट्टे असतात: ५ गिगाहर्ट्झ भिंतीत मार खातं, २.४ लांब जातं पण आपल्या इमारतींत तिथे गर्दी प्रचंड. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो द्या. चार मीटर वायर जास्त मागून राउटर घराच्या मध्यावर, उंचावर लावून घेणं हा एक्स्टेंडरपेक्षा (वायफाय पुढे पोचवणाऱ्या डब्यापेक्षा) स्वस्त इलाज आहे.

तक्रार फोनवर केलीत तर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. लाइनमनच्या व्हॉट्सॲपवर ‘दादा नेट गेलंय’ लिहिणं कामाचं असतं, पण ती तक्रार नव्हे. डॉकेट नंबर घेऊनही दाद लागली नाही तर कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं. त्याला फी नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्राय (दूरसंचार नियामक) एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्र लिहून वेळ घालवू नका.

आणि एक विनंती सेक्रेटरी म्हणून. लाइनमनला वेळ द्याल तेव्हा गच्चीची किल्ली कुणाकडे आहे ते आधी बघा. माणूस आला, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला, माणूस गेला, हे आमच्याकडे नेहमीचं आहे. कंपनी बदललीत तर जुना डबा परत केल्याची पावती घ्या, डिपॉझिटचे पैसे त्याच पावतीवर निघतात. आणि जुनी वायर त्यांना काढून न्यायला लावा. जिन्यात मेलेल्या वायरींचा एवढा गुंता झालाय की चालू वायर शोधताना नवा माणूस भलत्याचीच कापतो, आणि मग वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा मला फोन येतो.